मोसुकेचे गुडघे

फ्रीमाँट, १८ जानेवारी

त्र्यंबक,

'प्रिय' मुद्दाम गाळलं आहे. ते लावायचं की नाही हे तुझ्या वागणुकीवर ठरेल.

हे पत्र म्हणजे रीतसर तक्रार आहे. तुझा स्टीलचा डबा गेली दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठाण मांडून बसला आहे. मी चहाची बरणी ओढते, तो बरणीच्या पाठोपाठ निघतो आणि माझ्या डोक्यावर उतरतो. रिकामा आहे म्हणून मी जिवंत आहे. मानवजातीच्या इतिहासात याहून मोठे अन्याय झाले असतील, पण ते रोज सकाळी, चहाच्या आधी, इतक्या नेमाने झालेले नाहीत.

अरुण म्हणतो, "डोनेट करून टाक ना." माझ्या नवऱ्याला आयुष्यातले सगळे प्रश्न गराजमधल्या खोक्यात टाकून सुटतात असं वाटतं. दुसऱ्याचा डबा दान करता येत नाही. परत करायचा तर रिकामा करता येत नाही. आणि भरून पाठवायचा तर त्या माणसाशी बोलणं चालू असावं लागतं. म्हणजे फळीवर डबा नाहीये, आपलं भांडण आहे.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस. टपालखात्यात ती सोय नाही. प्लेनोचा पत्ता राधिकाने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तिने बायको या नात्याने आधी पाच मिनिटं तुझी बाजू घेतली, मग पत्ता सांगितला.

हे पत्र तीच आधी फोडणार, आणि आपण नक्की कशावरून भांडलो हे तिला अजून कळलेलं नाही, असं ती म्हणाली. तर राधिका, ऐक.

'हाशिमोरी' म्हणजे पुलाचा राखणदार. तीस वर्षं चाललेल्या एका जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेचं हे नाव. एक गाव, एक नदी, पलीकडे काहीतरी संकट, आणि गुरुत्वाकर्षणाला न जुमानणाऱ्या केसांची चार तरुण मुलं. मालिकेत पूल मात्र नाही. दर भागात तो बांधायचं ठरतं आणि दर भागात राहतं. त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून हा खेळ घरचा वाटला. पूल नाही म्हणून मोसुके नावाचा म्हातारा नावाडी सगळ्यांना होडीने पलीकडे सोडतो. तुझा नवरा आणि मी पुण्यात जपानी शिकलो आणि कॅलिफोर्नियात बसून या लोकांना इंग्रजी बोलायला लावू लागलो. मोसुके त्याचा, सराईवाली बाई माझी. एकमेकांच्या पातेल्यात डाव घालायचा नाही, असा आमचा नियम.

दुसरा नियम डब्याचा. जपानीतला एखादा विनोद इंग्रजीत येतच नसेल तर तो गाळायचा, पण त्याच गावात, त्याच कुणाच्या तरी तोंडी दुसरा घालायचा. डबा रिकामा परत करायचा नाही. ऑफिसातले गोरे लोकही आता 'डब्बा रूल' म्हणतात. डबा म्हणजे कुणीतरी मोठा भाषातज्ज्ञ असावा, अशी निदान दोघांची समजूत आहे.

मोसुकेच्या बाबतीत तुझ्या नवऱ्याने डबा शिगोशीग भरला. "नदीला घाई नाही, गुडघ्यांना आहे." हे वाक्य छापलेले टी-शर्ट अमेरिकेत लोक घालतात. मग सातव्या भागाच्या मध्यावर जुने दिग्दर्शक ओगाता-सान निवृत्त झाले, कुझे-सान नावाच्या बाई आल्या, आणि त्यांची चिठ्ठी आली: मोसुकेचं बोलणं जपानीत आहे तसंच ठेवावं. तुझा नवरा मीटिंगमध्ये उभा राहिला, "या बाईने मालिकेचा सूर बिघडवला," म्हणाला आणि राजीनामा दिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहत होते.

इतकंच झालं. त्याची खुर्ची मला मिळाली. ती डावीकडे कलते, हे त्याने वीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

तक्रार संपली. डब्याचं काय ते कळव.

वसुधा

फ्रीमाँट, २२ फेब्रुवारी

त्र्यंबक,

तुझं उत्तर आलं नाही, ते पोचलं. राधिका म्हणाली की तू पत्र बाथरूममध्ये नेऊन वाचलंस आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस. मी याला प्रतिसाद समजते.

इकडची खबर. सातव्या भागात मोसुके जवळजवळ मुका निघाला, तेव्हापासून इंटरनेटवर माझी आरती चालू आहे. मी मोसुकेचं तोंड शिवलं. मी विनोदाची वैरीण आहे. एका गृहस्थाने लिहिलंय की मालिकेला पूर्वी आत्मा होता, आता मॅनेजमेंट आहे. मी त्याला उत्तर लिहिणार होते की मॅनेजमेंट पूर्वीही होतं, फक्त ते ओगाता-सान असल्यामुळे दिसत नव्हतं. आपल्या मराठी मंडळात अध्यक्ष बदलला की खिचडी त्याच हाताची असते, पण पहिल्या घासाला लोक म्हणतात, चव गेली. तसंच आहे हे. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आन्याला ते उत्तर दाखवलं. तिने जेवता जेवता न बघता सांगितलं, "मॉम, डोन्ट रिप्लाय. एव्हर." सोळाव्या वर्षी एवढं शहाणपण मला नव्हतं.

आता कामाचं. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे, म्हणून मी तुला काहीच सांगत नाहीये. समज, एका मालिकेच्या आठव्या भागात एका नदीवर शेवटी पूल होतो. समज, एका म्हाताऱ्या नावाड्याला त्या पुलावरून चालत पलीकडे जायचं आहे, आणि त्यानंतर तो मालिकेत कधीही दिसणार नाही. समज, त्याला तिथे एक शेवटचं वाक्य आहे. मी त्या वाक्याचे चाळीस खर्डे केले. एकही त्याच्या आवाजात नाही. माझा मोसुके सराईवालीच्या नवऱ्यासारखा बोलतो.

एप्रिलच्या मध्याला रेकॉर्डिंग आहे. मोसुकेला आवाज देणारे गृहस्थ आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना परत परत बोलवता येणार नाही. जे त्या दिवशी म्हणतील ते कायमचं.

मी तुला लिही म्हणत नाहीये. तुला आता विमा कंपनीच्या चॅटबॉटला दिलगिरी व्यक्त करायला शिकवायचं मोठं काम आहे, हे मी जाणते. फक्त एक गोष्ट आठवली ती सांगते. सराईवालीचं "झोप फुकट आहे, पैसे गादीचे" हे वाक्य आजही लोक माझं म्हणून सांगतात. चौथा भाग. आन्या झाली तेव्हा मी तीन महिने घरी होते, आणि तेवढे दिवस सराईवाली तू सांभाळलीस, माझ्या नावावर. तू कधी कुणाला बोलला नाहीस. मीही नाही. लोक माझी पाठ थोपटायचे आणि तू शेजारी उभा राहून टाळ्या वाजवायचास. हलकट माणूस.

वसुधा

फ्रीमाँट, २७ मार्च

त्र्यंबक,

बस. बसलास? आता वाच.

कुझे-सान येऊन गेल्या. तू त्यांना कधी भेटला नाहीस. तू राजीनामा दिलास त्या मीटिंगमध्ये त्या पडद्यावर एका चौकोनात होत्या. प्रत्यक्षात एवढीशी बाई आहे, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, पाठीला शाळकरी मुलीसारखी सॅक. पहिला भाग त्यांनी दहाव्या वर्षी खेळला. सगळ्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. टीममधल्या जयने भलताच खोल केला आणि व्हाइटबोर्डवर डोकं आपटलं.

दुपारी त्या आमच्या मजल्यावर फिरत होत्या. कुणाच्या तरी टेबलावर मोसुकेचा मग होता, गुडघ्यांच्या वाक्याचा. त्यांनी तो उचलला, वाचला आणि मला विचारलं, "वसुधा-सान, एक विचारू? तुमच्या देशात मोसुकेला लोक हसतात का?"

म्हटलं, "हसतात म्हणजे? त्याच्यासाठीच तर खेळतात."

"जपानमध्ये मुलं रडतात."

मी म्हटलं, "कुणाला?"

"मोसुकेला. मीही रडले होते."

मला वाटलं माझ्या जपानीला गंज चढलाय. म्हटलं, "तो जे बोलतो त्यावर?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पण तो बोलतच नाही. कधीच बोलला नाही. सगळ्या भागांत होडी पलीकडे लागली की एक शब्द म्हणतो. पोचलो. बाकी नदीभर गप्प असतो. म्हणून तर."

त्र्यंबक, मी तिथल्या तिथे खुर्ची शोधली. तुझी सापडली, ती डावीकडे कलली.

म्हणजे कुझे-साननी काहीच बदललं नव्हतं! त्यांनी आल्या आल्या फक्त इंग्रजी खेळून पाहिला, आणि त्यांच्या लहानपणीचा मुका म्हातारा इथे गुडघ्यांवर प्रवचन करताना दिसला. म्हणून ती चिठ्ठी. दोन वर्षं मी समजत होते की नव्या बाईंनी मोसुकेची जीभ कापली. अमेरिकाभर लोक भांडताहेत की नव्या नेतृत्वाने सूर बदलला. जपानमध्ये कुणाला सूर बदललेला दिसलाच नाही, कारण तो तिथे बदललाच नाही. तो इथे बदलला, कारण तू गेलास.

पाच भाग. तीस-चाळीस लाख माणसं. एका नागपूरच्या माणसाने सगळ्यांना गंडवलं, आणि शेजारच्या टेबलावर मी. पातेल्यात डाव घालायचा नाही म्हणून मी जुन्या भागांची ती जपानी फाइल कधी उघडली नाही. सभ्यपणाचं हे फळ.

मी कुझे-सानना म्हटलं, "ओगाता-सानना हे माहीत होतं?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "त्यांच्या टेबलावर हाच मग होता. पेनं ठेवायचे त्यात. मी एकदा विचारलं, हे काय? ते म्हणाले, अमेरिकेतला मोसुके. त्याचे गुडघे दुखतात. इथल्याचेही दुखत असणार, पण तो सांगत नाही."

ओगाता-सान आता म्हणे त्यांच्या इमारतीच्या सोसायटीत सेक्रेटरी आहेत आणि पार्किंगवरून सगळ्यांशी भांडतात. तीस वर्षं ज्याला जे हवं ते करू दिलं, त्याची कसर काढत असावेत.

निघताना कुझे-सान म्हणाल्या की शेवटच्या वाक्याबाबत त्या मला आदेश देणार नाहीत. जपानीत तिथेही "पोचलो" एवढंच आहे. पण इथल्या लोकांनी दुसऱ्याच मोसुकेबरोबर वीस वर्षं नदी ओलांडली, तर त्याला निरोपही त्यांचाच मिळावा. "ज्यांनी त्याला बोलायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा ना."

मी म्हटलं, विचारलंय. ते बाथरूममध्ये आहेत.

हे मी जपानीत म्हटलं. त्यांनी अत्यंत गंभीरपणे मान लववली.

रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला. आता मी भांडायला म्हणून लिहीत नाहीये. वाक्य दे, नाहीतर नाही म्हण. ब्याऐंशी वर्षांच्या माणसापुढे मी सराईवालीच्या नवऱ्याचं वाक्य घेऊन उभी राहणार नाही.

वसुधा

फ्रीमाँट, १० एप्रिल

प्रिय त्र्यंबक,

(लावलं. हुरळून जाऊ नकोस.)

काल तू फोन केलास. मी डंबार्टन पुलावर होते, समोर ट्रॅफिक, आणि स्क्रीनवर दोन वर्षांनी तुझं नाव. काय बोलणं झालं ते लिहून ठेवते, कारण उद्या तू नाकबूल करशील आणि राधिकाला पुरावा लागेल.

'हॅलो' नाही, काही नाही. सरळ, "काय बोलून राहिली तू? गंडवलं? मी गंडवलं?"

"मग काय केलंस?"

"अगं, दुसऱ्या भागाच्या वेळची मशीन आठव! नदी पार करताना पुढचं गाव लोड व्हायला मिनिट-दीड मिनिट लागायचं. पडद्यावर फक्त पाणी आणि म्हातारा. जपानी पोरं बघत बसायची. इथल्या टेस्टरांनी रिपोर्ट लिहिला, गेम हँग होतो. एकाने तर मशीन परत केली. साहेब म्हणाला, काहीतरी कर. मी म्हातारा बोलता केला. लोकांना कळावं की चालू आहे म्हणून."

मी हसायला लागले. मागच्याने हॉर्न दिला.

"म्हणजे गुडघे लोडिंगसाठी?"

"लोडिंगसाठी! नंतर मशिनी फास्ट झाल्या, पण तोवर लोकांना तो आवडून गेला होता. मग काऊन बंद करू? ओगाता-सानला मी लिहून कळवलं होतं. त्यांनी उलट लिहिलं, बोलू दे."

मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुला माहीत होतं मूळचा मोसुके गप्प आहे. तर मग त्या बाईने सूर बिघडवला म्हणून भांडलास कशाला?"

मला वाटलं पुलावर फोन गेला.

"सूर माझा होता ना," तू म्हणालास. "मालिकेचा नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते सगळ्यांसमोर कसं सांगायचं ते नाही कळलं. तुझ्याकडे पाहिलं तर तू लॅपटॉपमध्ये."

"मी राजीनामा टाइप करत होते, गाढवा. दोन ओळी झाल्या होत्या. मग आन्याच्या दातांच्या तारांचा इन्शुरन्स आठवला."

"हे कधी नाही सांगितलं."

"ब्लॉक होते."

मग तू हसलास. दोन वर्षांत तो एक आवाज मला हवा होता. हे लिहिताना मी चेहरा वाकडा करते आहे, याची नोंद घे.

मग मी वाक्य मागितलं. तू म्हणालास, "पूल पाहून म्हातारा बडबड करेल का वसुधा? नदीवर बोलायचा कारण पलीकडचा काठ यायला वेळ होता. पुलावर कशाचं लोडिंग? जपानीत आहे तेच ठेव. पोचलो."

"ते कसं ठेवू? तू पाच भागांत ते एकदाही म्हणू दिलं नाहीस त्याला."

"म्हणून तर," तू म्हणालास. अगदी कुझे-सानसारखं. तुम्हा दोघांना एकदा एका खोलीत बसवायला हवं. तुम्ही आधी भांडाल आणि मग जेवायला जाल.

मी म्हटलं, "आणि डब्याचा नियम? शेवटच्या गावात विनोद नाही. डबा रिकामा."

"तो तुझा घोर. मी राजीनामा दिलाय," असं म्हणून तू फोन ठेवलास.

वसुधा

फ्रीमाँट, १७ एप्रिल

प्रिय त्र्यंबक,

आजोबा परवा आले. नात घेऊन आली, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं. मी त्यांना एक कागद दिला. त्यावर एक वाक्य. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "बाकीचं कुठे आहे?"

म्हटलं, "एवढंच."

"गुडघ्यांचं काही नाही?"

"नाही. पूल झालाय."

ते 'अच्छा' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले. काचेपलीकडे उभे राहिले, खुर्ची नको म्हणाले. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. पहिल्यांदा त्यांनी ते छान म्हटलं, नटासारखं. दुसऱ्यांदा थोडं दमून. तिसऱ्यांदा त्यांनी आधी श्वास घेतला, आणि म्हटलं, आणि मग हेडफोन काढून ठेवले.

टोकियोहून कुझे-सान ऐकत होत्या. त्यांच्या चौकोनात बराच वेळ हालचाल नव्हती. जय कुजबुजला, "यार, इज इट फ्रोझन?"

नव्हतं. लोडिंग नव्हतं, काही नव्हतं. बाई रडत होत्या.

वसुधा

फ्रीमाँट, २५ ऑक्टोबर

प्रिय त्र्यंबक आणि राधिका,

हे पत्र पार्सलच्या आत आहे. म्हणजे वाचता आहात तर झाकण निघालं. निघालं नसेल तर कडेने चमच्याच्या दांड्याने टिचक्या मारा, जोर लावू नका. वर चकल्या, खाली बेसनाचे लाडू. चकल्यांना काटे आले नाहीत, त्या नळीसारख्या दिसतात. चवीला बऱ्या आहेत. पोस्टातल्या बाईने विचारलं, "एनीथिंग पेरिशेबल?" म्हटलं, नाही, लाडू आमच्यात टिकाऊच धरतात.

खेळ बाजारात येऊन दोन आठवडे झाले. मोसुकेच्या दोन शब्दांवर लोकांनी इतकं लिहिलंय की मी वाचायचं सोडलं. मला विनोदाची वैरीण म्हणणाऱ्या गृहस्थाने लिहिलंय की तो गाडी बाजूला घेऊन बसला होता. कुणी म्हणतं नव्या दिग्दर्शिकेने मालिकेला अखेर परिपक्व केलं. त्यांनी तीस वर्षांपूर्वीचं वाक्य तसंच ठेवलंय, हे सांगायचा मोह मी आवरला. आन्याने रात्री जेवताना सांगितलं, "इट वॉज काइंड ऑफ गुड, मॉम." आमच्या घरात ही भारतरत्नाच्या खालोखालची पदवी आहे.

तू संपवलास का ते राधिकाने सांगितलं नाही. संपवला असशील तर लगेच बंद केला असशील, तुझी सवयच ती. परत उघड. पुलावरून जाऊ नकोस, उलट वळ आणि जुन्या घाटावर जा. होडी बांधून ठेवलेली आहे. तिच्यावर एक पाटी आहे. जपानीत तिथे काहीच नव्हतं, पण डबा रिकामा जाऊ नये म्हणून:

"होडी बंद. गुडघ्यांना सुट्टी."

कुझे-साननी ती पाहिली, दोन दिवस उत्तर दिलं नाही, आणि मग जपानीतही लावली. जपानी मोसुकेने आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्यांबद्दल तक्रार केली आहे. ओगाता-साननी म्हणे सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याचा फोटो सगळ्यांना दाखवला, आणि पार्किंगचा विषय तेवढ्यापुरता टळला.

खेळ संपल्यावर नावं वर सरकतात, तीही पूर्ण बघ. सोडून गेलेल्यांची नावं आपल्या ऑफिसात देत नाहीत, हे तुला माहीत आहे. पण ती यादी आता डावीकडे कलणाऱ्या खुर्चीत बसून बनते. मोसुकेसमोर एकच नाव आहे. पाटीही त्याच नावावर गेली आहे आणि लोक त्या माणसाचं कौतुक करताहेत. कुणी तुझी पाठ थोपटली तर तू गप्प राहायचं आणि मी शेजारी टाळ्या वाजवणार. सराईवालीच्या वेळी असंच ठरलं होतं ना आपलं, न बोलता?

डबा सावकाश पाठव. कसा पाठवायचा ते तुला सांगायला नको.

आज सकाळी चहाची बरणी काढताना मी सवयीने मान वाकवली. काही पडलं नाही.

वसुधा